जहाजाच्या लाकडावर रंधा मशीन: सगळा हिशेब मागच्या तळाचा

३०० बाय ३०० मिमी जाडीचा आणि ८ मीटर लांबीचा ओकचा कणा, म्हणजे जहाजाच्या तळाची मुख्य तुळई, घ्या. ओलं ओक घनमीटरला साधारण १,००० किलो भरतं, म्हणजे हा एकच तुकडा ७०० किलोच्या पुढे जातो. असं लाकूड उचलून कारखान्यातल्या मोठ्या प्लेनरच्या टेबलावर चढवणं परवडत नाही. चढवलं तरी वाकड्या फासळ्या, नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, गोलवा आणि बसवून झालेल्या फळ्या तिथे नेता येत नाहीत. जहाजबांधणीत लाकूड जागेवर राहतं आणि हत्यार त्याच्याकडे जातं. पूर्वी हे काम एकट्या वाकसाचं, म्हणजे आडव्या पात्याच्या कुऱ्हाडीसारख्या हत्याराचं होतं. आता वाकसाच्या जोडीला हातात धरायचं इलेक्ट्रिक रंधा मशीन असतं.

या मशीनची बहुतेक माहिती दारं-खिडक्या करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. त्यांचं लाकूड वाळलेलं, पृष्ठभाग सपाट आणि कडा सरळ असतात, आत खिळा नसतो. जहाजावर लाकूड ओलं असतं, पृष्ठभाग पिळलेला असतो, कडेचा कोन दर हातभर अंतरावर बदलतो आणि आत तांब्याचे खिळे दडलेले असतात. त्यामुळे तेच मशीन इथे वेगळ्या पद्धतीने वापरावं लागतं. मशीन लाकूड भराभर काढतं, पण पृष्ठभाग कुठे असायला हवा हे त्याला कळत नाही. ते आधी रेघेने आणि लवचीक पट्टीने ठरवायचं आणि मशीनला त्या रेघेच्या अलीकडे थांबवायचं.

मशीनचे भाग आणि मापं

मोटर पट्ट्याने एक ड्रम फिरवते आणि ड्रमवर समोरासमोर दोन पाती असतात. ड्रमच्या पुढे एक तळ असतो, मागे एक. पुढचा तळ मुठीने वर-खाली होतो, मागचा पक्का असतो. दोन्ही तळांच्या पातळीतला फरक म्हणजे कापाची खोली. पुढचा तळ जुन्या, न कापलेल्या लाकडावर चालतो आणि मागचा तळ नुकत्याच कापलेल्या ताज्या पृष्ठभागावर. म्हणजे मशीनचा खरा आधार मागचा तळ आहे. बहुतेक दोषांची मुळं तिथेच सापडतात.

सर्वांत जास्त दिसणारं मशीन ८२ मिमी रुंदीचं, वजनाला ३ किलोच्या आसपास. फळ्यांच्या कडा, डोलकाठी आणि डोक्याच्या वर हात करून करायची कामं यासाठी तेच बरं. फासळ्या आणि तुळया यांना मात्र रुंद मशीन हवं. मकिता १८०६बी हे १७० मिमी रुंदीचं आहे आणि एका फेरीत २ मिमीपर्यंत कापतं. त्याच कंपनीचं केपी३१२ तर ३१२ मिमी रुंद आहे, ३.५ मिमीपर्यंत कापतं, पण ते दोन्ही हातांनी आडव्या लाकडावरच चालवायचं यंत्र आहे. उभ्या फासळीवर ते धरून ठेवणं कोणाच्याही खांद्याला झेपणारं नाही. माफेल कंपनीची झेडएच मालिकाही याच मोठ्या वर्गातली. एकच मशीन घ्यायचं असेल तर मी १७० मिमीच्या बाजूने कौल देईन. १०० ते १५० मिमी रुंदीच्या फासळीचं अख्खं तोंड त्याच्या एका फेरीत बसतं, आणि दोन पट्ट्यांमध्ये पायरी पडण्याचा प्रश्नच येत नाही.

पाती बसवताना

प्लग काढल्याशिवाय ड्रमला हात लावायचा नाही. हा नियम सांगायलाही नको, पण रंधा मशीनवर बोटं जातात ती बहुधा पाती बदलताना किंवा तोंडात अडकलेला कीस काढतानाच.

पातं ड्रमच्या फिरतीत अगदी खालच्या बिंदूला असतं तेव्हा त्याची धार मागच्या तळाच्या पातळीत यायला हवी. तपासण्यासाठी मशीन उलटं ठेवा. कठीण लाकडाची साधारण १५० मिमीची सरळ पट्टी मागच्या तळावर टेकवून ड्रमच्या वर येईल अशी धरा आणि ड्रम हाताने हळूहळू फिरवा. धारेने पट्टीला जेमतेम स्पर्श करावा, फार तर मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढे ओढावं. पट्टी त्याहून जास्त सरकली तर पातं वर आहे. स्पर्शच झाला नाही तर खाली आहे. पात्याच्या डाव्या टोकाला, उजव्या टोकाला आणि मग दुसऱ्या पात्यावर हेच पुन्हा करायचं. चारही ठिकाणी पट्टी सारखीच सरकली पाहिजे.

पातं मागच्या तळापेक्षा वर राहिलं तर फेरीच्या शेवटी, पुढचा तळ लाकडाबाहेर गेला की मशीन खाली बसतं आणि टोकाला खड्डा पडतो. कितीही सावकाश चालवलं तरी तो पडतोच, कारण चूक हातात नसून मापात असते. पातं खाली राहिलं तर मागचा तळ ताज्या पृष्ठभागावर चढतो, काप सुरुवातीला खोल आणि पुढे पुढे उथळ होत शेवटी बंदच पडतो. मग माणूस जोर लावतो, मोटर तापते आणि लाकूड उतरतं ठेवल्यासारखं निमुळतं होतं. पात्याचं एक टोक वर असेल तर दर फेरीला एका बाजूला बारीक रेघ उमटते आणि मशीन आपोआप त्या बाजूला ओढलं जातं.

पाती बसायच्या खाचेत राळ किंवा भुसा राहिला तर अर्धा मिलिमीटर सहज बदलतो. पाती काढली की खाच पितळी ब्रशने साफ करावी आणि नवी पाती बसवताना बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने थोडे थोडे आवळावेत. पाती नेहमी दोन्ही एकदम बदलायची. एक नवं आणि एक झिजलेलं ठेवलं तर ड्रमचा तोल जातो, थरथर वाढते आणि कापण्याचं काम एकच पातं करत राहतं.

हे किती महत्त्वाचं आहे ते एका साध्या गुणाकाराने कळतं. ड्रम मिनिटाला १५,००० फेरे घेत असेल तर दोन पात्यांचे ३०,००० काप होतात. मशीन मिनिटाला ६ मीटर, म्हणजे सेकंदाला १० सेंटिमीटर, या वेगाने ढकललं तर एका कापाची चाल ०.२ मिमी पडते आणि पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो. एकच पातं कापत असेल तर ती ०.४ मिमी होते. शिवाय घाईने सेकंदाला २० सेंटिमीटरने ढकललं तर ०.८ मिमी, आणि मग लाटा बोटालाही जाणवतात. दोरीवर किंवा पट्टीवर पृष्ठभाग बरोबर येत असूनही तो खवल्याखवल्यांचा दिसत असेल तर आधी वेग आणि पाती बघा.

पात्याचा पोलाद कोणता हा प्रश्न जहाजावर लाकडाप्रमाणे सुटतो. सागात वाळूचा, म्हणजे सिलिकाचा अंश असतो, तो साध्या हायस्पीड पोलादाची धार बघता बघता खातो. सागाला कार्बाइडची पाती हवीत. इरोको या आफ्रिकी लाकडात कधी कधी खड्यासारखे चुन्याचे साठे लपलेले असतात, ते लागले तर कार्बाइडच्याही धारेचा तुकडा उडतो. पाइन आणि लार्चसारख्या राळेच्या लाकडाला हायस्पीड पोलाद जास्त तीक्ष्ण धार देतं आणि ते घरच्या घरी दगडावर लावता येतं. राळ पात्यावर साचली की धार असूनही कापत नाही. दोन-तीन तासांनी टर्पेंटाइनच्या फडक्याने पाती पुसून घेतली की तीच पाती पुन्हा चालू लागतात. पण पुसताना प्लग काढलेला असावा आणि पुन्हा सुरू करण्यापूर्वी टर्पेंटाइन पूर्ण उडून गेलेलं असावं.

सरळ तुळई, म्हणजे कणा आणि खालच्या जोडतुळया

लाकडाचा पीळ आधी काढायचा, मग सपाटी. दोन्ही टोकांवर सारख्या उंचीच्या सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका टोकाकडून दुसरीकडे नजर लावली की पीळ दिसतो. जिथे पट्टीचं टोक वर दिसतं तिथला कोपरा उंच. बाजूंवर दोन्हीकडून सूत मारून घ्या, कारण फक्त वरून बघून काम केलं तर पृष्ठभाग सपाट होतो पण बाजूशी काटकोनात राहत नाही. त्यानंतर उंच कोपरे तिरक्या फेऱ्यांनी खाली आणायचे, मशीन लाकडाच्या लांबीशी साधारण ४५ अंशांत. लांबीच्या दिशेने फेऱ्या आधी मारल्या तर मशीन पीळ तसाच ठेवून वर गुळगुळीत करून देतं, कारण मागच्या तळाला पीळही सरळच वाटतो.

३०० मिमी रुंदीवर १७० मिमीचं मशीन दोन पट्ट्यांत चालतं आणि मध्ये ४० मिमी एकमेकांवर चढतात. इथे पायरी पडते, कारण दुसऱ्या पट्टीत तळाचा एक कोपरा आधीच कापलेल्या खालच्या भागावर झुकतो. पायरी टाळायची तर एका फेरीला डावी पट्टी, दुसऱ्या फेरीला उजवी असं आलटूनपालटून जायचं, एकाच बाजूला तीन फेऱ्या मारून मग दुसरीकडे वळायचं नाही. शेवटची फेरी ०.३ मिमी, तिरकी.

लांब सपाटी बघायला पाणसळ अपुरी. दोन्ही टोकांना १० मिमीचे सारखे ठोकळे ठेवून त्यांवर दोरी ताणा आणि तिसरा सारखाच ठोकळा दोरीखालून सरकवत न्या. तो दोरीला उचलतो तिथे उंचवटा, फट राहते तिथे खोलगट. दोरी ठोकळ्याशिवाय थेट लाकडावर ताणली तर उंचवट्यावर टेकून ती आपणच वाकते आणि सगळं बरोबर असल्याचं दाखवते.

मोठं लाकूड काढायचं असेल, म्हणजे रेघेच्या वर १५ ते २० मिमी शिल्लक असेल, तर मशीनने एकेक २ मिमी खात बसू नये. आधी करवतीने दर १०० मिमीवर रेघेच्या ३ मिमी अलीकडेपर्यंत आडव्या खाचा घ्या, मधलं लाकूड वाकसाने किंवा पटाशीने ढलप्या काढून उडवा आणि उरलेले ३ मिमी मशीनला द्या. मशीनचंही आयुष्य वाढतं आणि वेळही वाचतो.

फासळ्यांची तिरकी कड

मशीनचं जहाजावरचं सर्वांत मोठं काम इथे आहे. फळी फासळीच्या संपूर्ण रुंदीवर टेकली पाहिजे, आणि जहाजाचा देह पुढे-मागे निमुळता होत जात असल्यामुळे फासळीच्या बाहेरच्या तोंडाला उतार द्यावा लागतो. हा उतार एकाच फासळीवर वरून खालपर्यंत बदलतो, म्हणून मार्गदर्शक पट्टी लावून एका कोनात कापून चालत नाही.

कोन अंशात सांगितला की डोळ्याला काही दिसत नाही, म्हणून मिलिमीटरमध्ये हिशेब ठेवा. १०० मिमी जाडीच्या फासळीवर १ अंश म्हणजे एका कडेला १.७५ मिमी. १५० मिमीवर २.६ मिमी. ५ अंशांचा उतार १०० मिमीवर जवळजवळ ८.७ मिमी खाली आणतो. पुढच्या भागातल्या फासळ्यांची पुढची कड जाते आणि मागच्या भागातल्यांची मागची. फासळीच्या ज्या तोंडावर आकाराची मूळ रेघ आहे त्या कडेला मशीन कधीही लागता कामा नये. ती कड गेली की जहाजाचा आकारच गेला, आणि तो पुन्हा लाकूड चिकटवूनच मिळतो.

काम असं चालतं. सरळ रेषेच्या, म्हणजे सरळ तंतूंच्या, पाइनची साधारण ४० बाय १५ मिमीची लवचीक पट्टी घ्या. ती एका वेळी निदान पाच फासळ्यांवर टेकेल एवढी लांब असावी. फासळ्यांमधलं अंतर ४०० मिमी असेल तर ३ मीटरची पट्टी छान काम देते. पुढे जिथे फळी येणार त्या दिशेने पट्टी लावा. ती फासळीच्या एका कडेवर टेकते आणि दुसऱ्या कडेला फट राहते. तिथे पटाशीने पट्टीच्या रुंदीचा छोटासा तिरका खाचा, पट्टी सपाट बसेपर्यंत. असे खाचे फासळीवर दर ३००-४०० मिमीवर करत वरून खाली या. प्रत्येक खाच्याच्या तळावर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघोट्या मारा. आता मशीनचं काम एवढंच की खाच्यांमधलं लाकूड काढायचं.

उंच कडेपासून सुरुवात करा. मशीन उताराच्या कोनात धरलं की पहिल्या फेरीत ते फक्त कडेची अरुंद पट्टी घेतं, दुसऱ्या फेरीत ती रुंदावते. कापलेली पट्टी रुंद होत होत मूळ रेघेकडे सरकते, आणि ती पट्टी वरून खालपर्यंत कुठे रुंद, कुठे अरुंद आहे हे पाहून कोन बरोबर आहे का ते तिथल्या तिथे कळतं. सुरुवातीला १.५ ते २ मिमी चालेल. खाच्यांच्या तळाला ३ मिमी उरले की खोली ०.५ वर आणा. खाच्यातल्या पेन्सिलीच्या रेघोट्या फिकट व्हायला लागल्या की मशीन बंद. उरलेलं हातरंध्याने. रेघोट्या पूर्ण पुसल्या गेल्या म्हणजे तुम्ही रेघेखाली गेलात.

धरण्याची पद्धत फेरीच्या तीन टप्प्यांत बदलते. सुरुवातीला पुढचा तळ लाकडावर टेकवायचा, ड्रम अजून बाहेर, मग मशीन चालू करून पूर्ण वेग आल्यावर पुढे ढकलायचं आणि वजन पुढच्या मुठीवर. मध्ये दोन्ही हातांवर सारखं. शेवटी मागच्या हातावर, म्हणजे मागच्या तळावर. ड्रम लाकडाला टेकलेला असताना बटण दाबलं तर मशीन उसळी मारतं.

वाकड्या लाकडात तंतूंची रेषा कोणत्या बाजूने धावते हे बघितल्याशिवाय फेरी सुरू करू नये. सरळ फळीतून करवतीने वक्र कापलेल्या फासळीत रेषा वक्रासोबत जात नाही. बाहेर फुगलेल्या तोंडावर सर्वांत उंच बिंदूपासून दोन्ही टोकांकडे, आणि आत खोलगट तोंडावर दोन्ही टोकांकडून सर्वांत खालच्या बिंदूकडे, अशी दिशा ठेवली की रेषा उचलत नाही. झाडाच्या नैसर्गिक वाकाचं लाकूड असेल तर रेषा वाकासोबत वळते आणि दिशा गाठींप्रमाणे अध्येमध्ये उलटते. तिथे ०.३ मिमी खोली, ताजी धार आणि मंद चाल. उलट्या रेषेवर २ मिमीचा काप घेतला तर पात्यापुढे लाकूड फाटत जातं आणि फाट कापाच्याही खाली उतरते. रेघेच्या अलीकडे थांबण्याचा नियम या फाटीमुळेच.

खोलगट जागा आणि भूमितीची अडचण

सपाट तळाचं मशीन बाहेर फुगलेल्या पृष्ठभागावर कसंही चालतं, खोलगटात मात्र तळाची दोन टोकं लाकडावर टेकतात आणि पाती हवेत राहतात. किती हवेत, ते तळाच्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. तळ ३०० मिमीचा आणि खोलगटाची त्रिज्या ३ मीटर असेल तर पाती ३.७५ मिमी वर राहतात. मशीन २ मिमी खोलीवर असताना दोन्ही टोकं टेकलेली धरली तर पातं त्या टोकांना जोडणाऱ्या रेषेच्या जेमतेम १ मिमी खाली पोचतं. म्हणजे ११ मीटरपेक्षा घट्ट वक्रात हे मशीन लांबीने कापूच शकत नाही. अशा जागी मशीनवर जोर देणारा माणूस प्रत्यक्षात खोलगटाची दोन्ही टोकं खात असतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, वक्र तळाचं मशीन. मकिता १००२बीए याच कामासाठी बनलेलं, ११० मिमी रुंदीचं, त्याचे तळ खोलगटाप्रमाणे लावता येतात. दुसरा उपाय फुकटचा आहे: मशीन तिरकं चालवा. एकाच दिशेने वळलेल्या पृष्ठभागावर ४५ अंशांत गेलं की त्या वाटेवरची त्रिज्या दुप्पट होते, ६० अंशांत गेलं की चौपट. म्हणजे ३ मीटर त्रिज्येचा खोलगट ६० अंशांच्या फेरीला १२ मीटरचा भासतो आणि मशीन कापायला लागतं. एवढ्या तिरक्या फेरीत बाहेर पडायच्या कडेला लाकूड फुटतं, म्हणून कडेपासून २० मिमी आधी मशीन उचलायचं आणि कड नंतर आतल्या दिशेने करायची.

फळ्यांच्या आतल्या बाजूला हीच गोष्ट उलट्या दिशेने येते. पोटाच्या वळणावर फासळी गोल असते, त्यामुळे फळीची आतली बाजू खोलगट करावी लागते. १५० मिमी रुंदीची फळी १.२ मीटर त्रिज्येच्या वळणावर मध्यभागी सुमारे २.३ मिमी खोल करावी लागते. बाहेरून तितकंच लाकूड कडांवरून उतरवून गोलाई येते. म्हणून तयार फळी ४० मिमी हवी असेल तर कच्ची निदान ४२.५ मिमीची घ्यावी. ४० ची घेतली तर मध्यभागी फळी पातळ पडते आणि ते नंतर कळतं, जहाज पाण्यात गेल्यावर. हा खोलगट फळीच्या लांबीने जातो आणि आडव्या दिशेने वळतो, म्हणून सपाट तळाचं मशीन इथे नुसतं सुरुवात करून देतं. शेवट गोल तळाच्या हातरंध्यानेच.

फळ्यांच्या कडा आणि सांधे

दोन फळ्या आतल्या बाजूला घट्ट मिळतात आणि बाहेर थोड्या उघड्या राहतात, त्या फटीत काथ्या-सूत ठोकायचं असतं. जुना ठोकताळा असा की जाडीच्या दर २५ मिमीमागे सुमारे १.५ मिमी फट. ४० मिमीच्या फळीला म्हणजे बाहेर २.५ मिमी. बाजूची मार्गदर्शक पट्टी थोडी झुकवून ८२ मिमीच्या मशीनने ही कड एका फळीला देता येते. फट जास्त झाली की ठोकलेलं सूत आतून बाहेर पडतं, कमी झाली की सूत बसतच नाही. कडेला मशीनची लाट राहिलेली चालत नाही, सांध्याला लाटांमधून पाणी सापडतं. शेवटचा हात लांब हातरंध्याचा.

फळ्या लांबीत जोडायच्या तिरक्या जोडाला उतार १:८ ठेवतात, गोंदाने जोडलेल्या डोलकाठीला १:१२. ४० मिमी फळीचा १:८ जोड ३२० मिमी लांब होतो. चार-पाच फळ्या पायऱ्यांसारख्या एकावर एक रचून, क्लॅम्प लावून एकदम उतरवल्या की सगळ्यांचा उतार एकसारखा येतो आणि पातळ टोकाला खालच्या फळीचा आधार मिळतो, ते फाटत नाही. बोथट पात्याने चकाकणारा, दाबलेला पृष्ठभाग तयार होतो, त्याला गोंद धरत नाही. गोंदाचा जोड ताज्या धारेने करा, ८० नंबरचा सॅंडपेपर हलका फिरवा आणि त्याच दिवशी चिकटवा.

बाहेरून सारखं करताना

फळ्या बसल्या की सांध्यांवर उंच-सखल कडा राहतात. मशीन फळ्यांशी ४५ अंशांत, ०.३ ते ०.५ मिमी खोलीवर, आधी एका दिशेने तिरकं आणि मग दुसऱ्या. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात किंवा अंगालगत धरलेल्या दिव्यात उंचवटे दिसतात. त्यावर खडू मारून फक्त तेवढेच घ्या. ४० मिमीच्या फळीतून दीड मिलिमीटरपेक्षा जास्त जाऊ देऊ नये. त्याहून जास्त काढावं लागत असेल तर फासळीचा उतार चुकलेला आहे आणि तो बाहेरून लपवायचा नसतो.

या कामात मशीनचा शत्रू धातू. खिळ्यांची आणि बोल्टांची डोकी फळीच्या पृष्ठभागापासून निदान ६ मिमी आत हवीत, वर लाकडी बूच. लोखंड चुंबकाने सापडतं, पण जहाजावर खिळे तांब्याचे आणि बोल्ट ब्राँझचे असतात, चुंबकाला ते कळत नाहीत. धातू शोधायचं इलेक्ट्रॉनिक यंत्रच फिरवायला हवं. जुन्या जहाजाच्या दुरुस्तीत तर ते घेतल्याशिवाय मशीन लावू नये. लाकडी बुचं आधी पटाशीने कापून सपाट करा: पहिला काप २ मिमी वर ठेवून, रेषा कुठे उतरते ते बघून, मग दुसरा. उभी बुचं मशीनने घेतली तर ती पृष्ठभागाखाली तुटतात आणि खळगा राहतो.

डोलकाठी

चौकोनी तुकड्याचा अष्टकोन करताना प्रत्येक कडेपासून रुंदीच्या ०.२९३ पटीवर रेघ मारायची. २०० मिमीच्या तुकड्यावर ५८.६ मिमी. अष्टकोनाची बाजू ८२.८ मिमी येते, म्हणजे ८२ मिमीचं मशीन अख्खी बाजू जवळजवळ एका पट्टीत घेतं, सोयीचा योग आहे. पण कोपऱ्यावर काढायचं लाकूड ४१ मिमी खोल आहे. ते आधी करवतीने उडवा, ३-४ मिमी ठेवून. पुढच्या तळातली व्ही आकाराची खाच कोपरा धरायला आहे, पहिल्या दोन-तीन फेऱ्यांपुरतीच कामाची. सोळा बाजू झाल्या की मशीन बाजूला ठेवा.

ओलं लाकूड, वीज, धूळ

ओल्या ओकचा कीस तोंडात अडकतो. खोली १ मिमीवर आणली आणि चाल मंदावली की तो मोकळा जातो. लांब कीस येण्याऐवजी पिठासारखा भुसा यायला लागला तर पाती बोथट झाली. तसंच चालवत राहिल्याने पट्टा तुटतो आणि मोटर जळते. ओकमधला टॅनिन लोखंडाला लागून ओलसर लाकडावर काळे डाग पाडतो, म्हणून दिवस संपला की तळ पुसून मेण लावा. तेल नको, ते लाकडावर उतरतं आणि रंग धरत नाही.

जहाजाच्या बाजूला ओल कायम असते, म्हणून ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारं स्विच, हवंच. वायरचं माप तितकंच महत्त्वाचं. ५० मीटरची १ चौरस मिमी तांब्याची वायर आणि २,२०० वॉटचं मशीन म्हणजे २३० व्होल्टमधले सुमारे १७ व्होल्ट वायरमध्येच जातात. मोटरचे फेरे उतरतात, कापाची चाल वाढते आणि दोष पात्यावर जातो. अशा मशीनला २.५ चौरस मिमी घ्या आणि गुंडाळीवरची वायर पूर्ण सोडा, गुंडाळलेली तापते. वायर खांद्यावरून मागे ठेवायची, पुढे कधीच नाही. बटण सोडल्यावरही ड्रम काही सेकंद फिरत राहतो, तो थांबेपर्यंत मशीन खाली ठेवायचं नाही.

ओकची आणि बीचची बारीक धूळ नाकाच्या कर्करोगाशी जोडली गेली आहे, इरोको आणि लाल सीडरची धूळ दमा उठवते. साध्या फडक्याने ती अडत नाही. एफएफपी२ किंवा त्यावरचा मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र लावा. कान झाकायला हवेत, आवाज ८५ डेसिबलच्या वर जातो. सैल हातमोजे घालू नयेत.

कार्बन ब्रश खुणेच्या रेषेपर्यंत झिजले की दोन्ही एकदम बदला. एक जोडी कार्बन, दोन पट्टे आणि पात्यांचा एक संच कामावर बरोबर ठेवावा. ड्रम हाताने फिरवताना घरघर ऐकू आली किंवा पात्याच्या टोकाला बोटाने हालचाल जाणवली तर बेअरिंग गेलं आहे. बेअरिंग बदलल्यावर पात्यांची उंची पुन्हा तपासा, कारण ड्रमची जागा बदललेली असते आणि मागच्या तळाशी जमवलेलं माप तेव्हा जुनं झालेलं असतं.